रविवारच्या मांसाची मालकीण

पोर्ट पिरी
३ मे १९८७

प्रिय थेक्ला,

पत्र बघून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. नाताळाचं कार्ड सोडलं तर मी तुला वर्षभर काही लिहीत नाही, हे मलाही कळतं. पण काल चर्चचं मासिक आलं आणि ते वाचताना माझा चहा निवून गेला.

त्यात आहे की लांगडॉर्फच्या चर्चला सव्वाशे वर्षं होणार म्हणून महिला मंडळ आपलं पाककृतींचं पुस्तक नव्यानं छापतंय. छापा बापड्यांनो. पण पुढची ओळ बघ: 'यंदा नवऱ्याच्या नावाची आद्याक्षरं न देता प्रत्येक भगिनीचं स्वतःचं नाव देण्यात येईल.'

तू मंडळाची सेक्रेटरी. आता तूच सांग. पान एकोणचाळीस. 'झांडरांचं रविवारचं गोमांस – श्रीमती ई. ए. झांडर.' बासष्ट साली पुस्तक निघालं तेव्हा ती श्रीमती ई. ए. झांडर मी होते. आज तुझ्या भावाची बायको मर्ना आहे. टाइप करणारी पोरगी विचारणार, एडविन झांडरची बायको कोण गं? आणि ठोकून देणार, मर्ना झांडर. जिला लग्नाआधी गोमांस म्हणजे दोन पावांच्या मधे असतं ते, एवढंच ठाऊक होतं!

मला घालवल्याला तेरा वर्षं झाली. त्या पानाबद्दल लोक मर्नाला शाबासकी देतात, हे माझ्या कानावर येतं. तेही मी गिळलं. निदान ती अक्षरं माझीही होती. आता मी तिथून पुरतीच पुसली जाणार.

थेक्ला, मला दुसरं काही नको. घर गेलं, नवरा गेला, त्याचं रडून झालं. मूलबाळ नाही. त्या गावात चौदा वर्षं राबले त्याची खूण म्हणून तेवढं एक पान उरलंय. त्याच्याखाली 'एल्वीरा हाइन' एवढं छाप. तुझ्या हातात आहे ना गं?

तुझी
एल्वीरा

•

लांगडॉर्फ
१७ मे १९८७

प्रिय एल्वीरा,

कुणी गेलं नाही म्हणतेस, पण माझे गुडघे गेले. बाकी मी आहे तिथेच आहे, एडविनच्या घरामागच्या त्याच दोन खोल्यांत. मर्ना वाईट वागत नाही. रोज सकाळी खिडकीतून हात करते, जसं काही मी बोटीवर बसून कुठे निघालेय.

तुझं पत्र घेऊन मी आमच्या अध्यक्षीणबाईंकडे, श्रीमती क्लाइनिगकडे गेले. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा घातला.

"पण ती तर निघून गेली ना?" म्हणाल्या.

"निघून गेली नाही, बाई. घालवली."

"तेच ते. पण कृती तर झांडरांच्या घरातली. घराण्याची."

"घराणं काय भट्टीपुढे उभं राहतं का?" असं मी म्हटलं. मग म्हणाल्या, वाद नको, तिला स्वतःच्या हातानं सगळी कृती लिहून पाठवायला सांग. वाइन कुठली, किती वेळ, सगळं. जिला खरं येतं तिचं नाव. मर्नाला मी विचारलं, तर तिनं खांदे उडवले. तिला काही पडलेली नाही.

आणखी एक. नव्या पुस्तकात प्रत्येक कृतीखाली एक जास्तीची ओळ येणार आहे: 'कुणाकडून शिकले.' कुणी आजीकडून लिहिलंय, कुणी शेजारणीकडून. वाचायला गंमत वाटते. तेवढंही लिही, म्हणजे मला पुढे रेटता येईल. मी आहे तुझ्या बाजूनं.

थेक्ला

•

पोर्ट पिरी
२४ मे १९८७

प्रिय थेक्ला,

तू देवमाणूस आहेस. 'घालवली' हा शब्द माझ्यासाठी त्या गावात कुणीतरी उच्चारला, यातच मला भरून आलं.

हे घे, एका दमात लिहिते. बैलाच्या पायाच्या नळीचं मांस, हाडासकट, चार पौंड. मऊ मांस घेणारीनं हे करूच नये, ते बारा तासांत विरघळून जातं. पिठात घोळवून डुकराच्या चरबीत चांगलं लाल करायचं. घाई केली की संपलं. कांदे, तमालपत्र, अख्खी मिरी. मग माटारो द्राक्षाची वाइन, दोन बाटल्या, त्यातली एक कपभर मागे ठेवायची. झाकण कणकेनं बंद.

शनिवारी पाव काढून झाले की अंगणातली विटांची भट्टी निवत जाते. तळावर चिमूटभर पीठ टाकायचं. लगेच काळं झालं तर थांबायचं. सावकाश बदामी झालं की भांडं आत, आणि दुसऱ्या दिवशी चर्चहून येईपर्यंत त्याचं नाव काढायचं नाही. आल्यावर कणीक फोडायची, राखलेली कपभर वाइन घालायची, आणि नाताळातलं मधाचं बिस्किट, चांगलं दगड झालेलं, अर्धंच, कुटून. चुलीवर एक उकळी. अंड्याच्या नूडल्सबरोबर वाढायचं.

आता वाइनचं, कारण तिथेच सगळ्या चुकतात. एडविन काय म्हणायचा? भांड्यात जी घालाल तीच ग्लासात ओता, आणि घाला सगळ्यात उंची! त्याला काय जातंय बोलायला. उंची शिराझ बारा तास उकळली की तिच्यात उरतं काय? माटारो कच्ची असताना इतकी तुरट की जीभ आखडते, पण भट्टीत तीच मवाळ होते आणि मांसाला धरून राहते. ग्लासात मात्र वरच्या मळ्यातली पाच वर्षं ठेवलेली शिराझ. भांड्यात आणि ग्लासात एकच असेल तर एकच माणूस दोनदा बोलल्यासारखं वाटतं. आणि काकडीचं लोणचं खाल्ल्याबरोबर घोट घेऊ नये, आंबट लागतो. आधी नूडल्सचा एक घास.

इथे मी कामाला आहे त्या वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात खोक्यातली तांबडी वाइन वापरते, तीही मॅनेजर डोळे वटारतो म्हणून शिरक्याच्या बाटलीतून. भट्टी नाही, गॅस आहे. तरी म्हातारे बशा चाटतात.

कुणाकडून शिकले म्हणशील, तर असं कुणाकडून शिकतं का माणूस? करता करता येतं. ती ओळ रिकामी सोड.

तुझीच
एल्वीरा

•

लांगडॉर्फ
१४ जून १९८७

प्रिय एल्वीरा,

कृती मिळाली. एक शब्द कमी नाही की जास्त नाही. अर्धं बिस्किट सुद्धा आठवलं तुला! मी दोनदा वाचली.

पण ओळ रिकामी सोडता येत नाही गं. श्रीमती क्लाइनिग हट्टाला पेटल्यात. सगळ्या जणींनी काही ना काही लिहिलंय, एकीनं तर 'नवऱ्याच्या आधीच्या प्रेयसीकडून' असं लिहिलंय आणि ते छापायचं की नाही यावर आमची अख्खी मीटिंग गेली. तुझीच ओळ कोरी राहिली तर म्हणतील, हिला काहीतरी लपवायचंय.

तेव्हा आठव जरा. तुझं लग्न साठ सालच्या शरदात झालं. तो पहिला हिवाळा आठवतो का? तुला भट्टीची धग ओळखता यायची नाही. पीठ टाकलंस की भसकन काळं, आणि तू ॲप्रनला डोळे पुसत उभी. तीन शनिवार असं झालं. चौथ्या शनिवारी जमलं. आठव आणि जे असेल ते लिही. एकच नाव लिहायचंय, दोन शब्दांचं काम आहे. घाई नाही, महिनाअखेरपर्यंत वेळ आहे.

इकडे सरकारनं वेली उपटायची योजना काढलीय, वाइन फार झाली म्हणे देशात. एडविननं खालचा माटारोचा मळा त्या यादीत चढवलाय. आजोबांनी लावलेला. ट्रॅक्टरला साखळी बांधून एकेक बुंधा काढतात, दातासारखा. मी मागच्या खोलीत पडदा ओढून बसते. मर्ना रविवारचं मांस प्रेशर कुकरमध्ये करते, चाळीस मिनिटांत, आणि बरोबर लिंबू सरबत.

वाट बघते.

थेक्ला

•

पोर्ट पिरी
२१ जून १९८७

प्रिय थेक्ला,

लिंबू सरबत! एडविनला हीच शिक्षा हवी होती.

बरं, ओळ हवीच असेल तर लिही: 'आजीकडून – आना हाइन, मॅली.' माझी वडिलांकडची आजी, मॅलीच्या कोरड्या मुलखातली. तिच्या हातचं असंच असायचं, लहानपणी मी चुलीशी बसून बघायचे. तेच हातात आलं असणार. शिवाय असं लिहिलं की मर्नाचा किंवा झांडर घराण्याचा प्रश्नच उरत नाही, बघ. कृती माझ्या माहेरची ठरते, आणि क्लाइनिगबाईंचं घराणं-घराणं बंद.

त्या पहिल्या हिवाळ्याचं लिहिलंस, वाचून हसू आलं. किती लहान होतो आपण. तू बिचारी मला कांदे चिरून द्यायचीस, ते मी विसरलेले नाही हो. कधी भेटलो तर तुला माझ्या हातचं करून घालीन.

पुस्तक आलं की एक प्रत लगेच पाठव. इथल्या बायकांना मी सांगून ठेवलंय. एकोणचाळिसावं पान उघडून त्यांच्यापुढे धरणार आहे.

तुझी
एल्वीरा

•

लांगडॉर्फ
३० ऑगस्ट १९८७

एल्वीरा,

सोबत पुस्तक आहे. पान एक्केचाळीस झालंय, आकडा बदललाय. तू उभी असशील तर बसून उघड.

'झांडरांचं रविवारचं गोमांस – मर्ना झांडर. कुणाकडून शिकले: सासूबाईंकडून.'

आई गेली एकोणसत्तर साली. मर्नानं तिला फोटोत पाहिलंय. पण टाइप करणाऱ्या पोरीनं फोन केला तेव्हा मर्नाला काहीतरी सांगायला हवं होतं, तिनं सांगितलं.

आता हे कसं झालं ते ऐक. मीच केलं. जुलैच्या मीटिंगला तुझी तिन्ही पत्रं माझ्या पिशवीत होती, कृतीचं मी कुणालाच दाखवलं नव्हतं. श्रीमती क्लाइनिग म्हणाल्या, "थेक्ला, त्या झांडरांच्या मांसाचं काय ठरलं? एल्वीराचं काही आलं का?" कमिटी तुझ्या बाजूला वळली होती. मी हात वर केला असता तर तुझं नाव लागलं असतं. मी म्हटलं, "नाही बाई, काही उत्तर आलं नाही." चर्चच्या हॉलमध्ये बसून खोटं बोलले, आणि मला काही वाटलं नाही.

आजी म्हणे! मॅलीत गव्हाशिवाय आणि धुळीशिवाय काही पिकत नाही. तिथे तुझ्या आजीला माटारो कुठली मिळाली? तुझी आजी दारूच्या थेंबाला शिवत नव्हती, हे तूच मला सांगितलं होतंस. तुला पाणी उकळायचं सुद्धा नीट कळत नव्हतं गं, आमच्या घरात आलीस तेव्हा.

कांदे चिरून द्यायची मी? कांदे?

मी सतरा वर्षांची होते. आई तापानं पडली होती आणि तिनं सांगितलं, डाव्या पिंपातली वाइन घाल, शिराझ. मी घाबरून चुकून उजवंच उघडलं. त्यात माटारो होती, पोर्ट नावाची गोड वाइन बनवणाऱ्यांना विकायची. ओतून झाल्यावर चाखली आणि माझी जीभ आखडली. बाबांच्या हाताच्या भीतीनं मी रात्रभर जागी. रविवारी चर्चहून पळत येऊन सापडलं ते गोड त्यात कुटून घातलं, एक बिस्किट होतं, त्यातलं अर्धं भावानं आधीच खाल्लेलं. म्हणून अर्धं, एल्वीरा! तुझ्या आजीनं ते मोजून ठरवलेलं नाही. बाबांनी दोनदा वाढून घेतलं आणि म्हणाले, "तुझ्या आईला आज बरं वाटतंय वाटतं." मी काही बोलले नाही. नंतर आठ वर्षं दर रविवारी ते मीच केलं, आणि मग तुला शिकवलं. पीठ टाकायचं मी शिकवलं. ग्लासात वेगळी वाइन हे मी शिकवलं. ते एकच माणूस दोनदा बोलण्याचं वाक्यसुद्धा माझं आहे. तू ते मलाच लिहून पाठवलंस!

बासष्ट साली पुस्तक निघालं तेव्हा आई म्हणाली, सूनबाईंचं एक काहीतरी जायला हवं, लोक काय म्हणतील. माझ्यासारख्या बिनलग्नाच्या पोरींसाठी लोणच्यांची पानं होती. मी समोर बसून काकड्या पुसत होते. तू माझ्याकडे बघितलंस. मग कागद पुढे ओढलास आणि लिहायला लागलीस.

तुला वाटेल, मी माझंच नाव का घातलं नाही. कुणी विश्वास ठेवला असता? आणि मला ते तसं नकोच होतं. मला तुझ्या हातचे दोन शब्द हवे होते. पंचवीस वर्षं वाट बघितली. या वेळी तर मी जवळजवळ तुझा हात धरून त्या ओळीवर नेला.

तर आता ते ना तुझं ना माझं. बस उघडून ते पान आणि दाखव तुझ्या बायकांना.

थेक्ला

•

पोर्ट पिरी
६ सप्टेंबर १९८७

थेक्ला,

हो. बघितलं होतं तुझ्याकडे.

चार दिवस मी या पत्राची सुरुवात करतेय. सगळं तुझंच होतं, मला ते कायम माहीत होतं. तेव्हा मनाला सांगितलं, हिला काय, ही जन्मानं झांडर आहे, हिचं घर कुणी काढून घेणार नाही. मी परकी. मला पाय टेकायला काहीतरी हवं. तू तक्रार केली नाहीस, तेव्हा ठरवून टाकलं की तुला चालतंय. आणि या मे महिन्यात लिहिताना वाटलं की तू विसरली असशील. नाही, हेही खोटं. वाटलं की तू बोलणार नाहीस. तू कधीच बोलत नाहीस, यावरच मी सगळं उभं केलं.

तू भट्टीचं लिहिलंस तेव्हा मला कळलं होतं तू काय मागतेयस. मी त्या ओळीवर 'थेक्ला' लिहूनही पाहिलं. मग मनात आलं, एकदा हे लिहिलं की पान माझं कसलं? मी नुसती शिकलेली. माझ्याकडे काहीच उरत नव्हतं गं. म्हणून मेलेल्या आजीला पुढे केलं. कांद्याचं वाक्य लिहिताना मला माझीच लाज वाटली, तरी ते लिहिलंच.

पण तूही साधी नाहीस. चार महिने परीक्षा घेत बसलीस माझी. 'एल्वीरा, ते माझं आहे' असं एकदा लिहिलं असतंस तर? 'मी आहे तुझ्या बाजूनं' कशाला लिहिलंस? मी त्या वाक्यावर किती दिवस काढले, तुला कल्पना नाही.

असो. मी काल श्रीमती क्लाइनिगना रजिस्टर पत्र टाकलंय. सगळं लिहिलंय. पिंप, बिस्किट, बासष्ट साल, तुझ्याकडे बघून कागद ओढला तेही. खाली सही केलीय. मला माझं नाव नको. 'थेक्ला झांडर' छापा, नाहीतर निदान चिठ्ठी चिकटवा प्रत्येक प्रतीवर, असं म्हटलंय. बायकांना पुस्तक दाखवलं नाही.

माफ कर असं म्हणायला तोंड नाही, तरी म्हणते.

एल्वीरा

•

लांगडॉर्फ
१ नोव्हेंबर १९८७

एल्वीरा,

श्रीमती क्लाइनिगनी तुझं पत्र मला मीटिंगनंतर बाजूला घेऊन दाखवलं. घडी घातली आणि माझ्याच पिशवीत टाकलं. म्हणाल्या, "थेक्ला, सहाशे प्रती बांधून आल्या. आता काय चिठ्ठ्या चिकटवत बसायचं? आणि मर्नाला काय वाटेल? शिवाय तुझं लोणचं आहेच की त्यात, छान फोटोसकट." मी बरं म्हटलं.

सव्वाशे वर्षांचं जेवण गेल्या रविवारी झालं. ॲडलेडहून बिशप येणार होते, आणि कमिटीनं ठरवलं की रविवारचं गोमांस मर्नानं करावं. बुधवारी ती माझ्या दारात पुस्तक घेऊन उभी. रडवेली झाली होती.

"थेक्ला, कुकरमध्ये दोनदा करून पाहिलं. पुस्तकासारखं होतच नाही गं. तुला येतं का हे?"

तिच्यावर रागावून काय करू? तिला कुणी कधी काही सांगितलंच नव्हतं. आणि खरं सांगू, कुणीतरी विचारलं याचाच मला आनंद झाला. इतका की लाज वाटली. माझ्या पलंगाखाली माटारोचे चार बुधले ठेवले होते, मळा काढायच्या आधीच्या मोसमातले. ते मी काढले. शनिवारी भट्टी पेटवली. सहा वर्षांत कुणी पेटवली नव्हती, आत पाखरांची घरटी होती. तिला पीठ टाकायला लावलं. काळं झालं. पुन्हा टाकायला लावलं. गुडघ्यांनी दम धरला कसाबसा.

मांस उत्तम झालं. मी आयुष्यात केलेल्यांत सगळ्यात चांगलं झालं असेल. एडविननं वरच्या मळ्यातली शिराझ काढली, बिशप तीन ग्लास प्यायले. मग उभे राहून म्हणाले, ही परंपरा जपणाऱ्या झांडरांच्या सूनबाई कुठे आहेत? मर्ना उभी राहिली. हातात रुमाल घेऊन छान लाजली. बिशपांनी विचारलं, हे कुणी शिकवलं तुम्हाला?

"सासूबाईंनी," मर्ना म्हणाली. पुस्तकात तेच छापलंय ना.

सगळा हॉल टाळ्या वाजवायला लागला. मीही वाजवल्या.

तुझ्या माफीचं काय करू ते मला कळत नाही. तू खरं लिहिलंस, एल्वीरा, पण ते वाचणारी शेवटी मी एकटीच उरले, आणि मला ते आधीपासून ठाऊक होतं. नाताळाला कार्ड पाठवू नकोस.

थेक्ला झांडर